काचेचे दार आणि उन्हाचा हिशेब : फार्न्सवर्थ गृह ते कांचनजंगा – एक चिकित्सा

प्रास्ताविक :

अंगणाकडे, बागेकडे किंवा बाल्कनीकडे उघडणारे मोठे काचेचे दार हे आधुनिक घराचे एक ठळक लक्षण मानले जाते. जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारी तावदाने, बाहेरचे विनाअडथळा दिसणारे दृश्य आणि घरभर पसरणारा प्रकाश यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. तथापि याच दारातून ऊन आणि उष्णताही घरात येते. उन्हाळ्यातील दुपारी अशा दाराजवळची बैठक रिकामी राहते, पडदे दिवसभर ओढलेले असतात आणि ज्या दृश्यासाठी काच बसविली ते दृश्यच झाकले जाते. हा अनुभव महाराष्ट्रातील शहरी कुटुंबांना आता अपरिचित राहिलेला नाही.

या प्रश्नाकडे सामान्यतः गृहसजावटीचा किंवा यंत्रसामग्रीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. कोणता पडदा घ्यावा, काचेवर कोणता थर चिकटवावा, वातानुकूलन यंत्र किती क्षमतेचे असावे, एवढ्यापुरतीच चर्चा मर्यादित राहते. प्रस्तुत लेखाची भूमिका निराळी आहे. काचेच्या दारापाशी होणारा उन्हाचा त्रास हा मूलतः रचनेचा दोष असून, ऊन काचेच्या बाहेर अडविण्याची जी जबाबदारी रचनाकाराची होती ती काचेच्या आत राहणाऱ्यावर ढकलली गेल्याने तो निर्माण होतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी विसाव्या शतकातील काही प्रसिद्ध निवासी वास्तू आणि आजची शहरी सदनिका यांची चिकित्सा एकाच निकषावर केली आहे.

निकषाची मांडणी :

साधी पारदर्शक काच सूर्यप्रकाशातील ऊर्जेचा मोठा भाग आत येऊ देते. एकपदरी साध्या काचेचा सौर उष्णता ग्रहण गुणांक ०.८ च्या आसपास असतो. म्हणजे काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा खोलीत पोहोचते. ही ऊर्जा फरशी, भिंती व सामान यांत शोषली जाऊन ते तापतात आणि दीर्घ लहरींच्या रूपाने उष्णता बाहेर टाकू लागतात. या दीर्घ लहरींना मात्र काच पार होऊ देत नाही. शिवाय दार बंद असेल तर तापलेली हवाही आतच कोंडली जाते.

यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. आतल्या बाजूला लावलेला पडदा उन्हाला गाठतो तो ऊन काच ओलांडून आल्यानंतर. फिकट रंगाचा पडदा काही ऊन परत काचेतून बाहेर परावर्तित करतो हे खरे. परंतु उरलेल्या उन्हाने पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. याउलट छज्जा, पडवी, झडपा किंवा बांबूचा चिक काचेच्या बाहेर असल्यास तापतो तो चिक, आणि त्याची उष्णता वारा घेऊन जातो. तेव्हा ऊन काचेच्या बाहेर अडविले आहे की आत, हा काचेच्या दाराच्या मूल्यमापनाचा पहिला निकष होय. दुसरा निकष दिशेचा आहे. कारण दक्षिणेचे ऊन आणि पश्चिमेचे ऊन यांचे स्वरूप सर्वस्वी भिन्न असते. व्हिक्टर व अलाडार ओल्गे या बंधूंनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूर्यनियंत्रण व छायासाधनांवरील ग्रंथात या दोन्ही बाबींची पद्धतशीर मांडणी केली, आणि तेव्हापासून हे ज्ञान वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा भाग बनले आहे.

फार्न्सवर्थ गृह : एका टोकाला उत्तर, दुसऱ्या बाजूला विस्मरण :

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात प्लॅनो या गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी, लुडविग मीस व्हान डेर रोह यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. आठ पोलादी खांबांवर जमिनीपासून सुमारे सव्वापाच फूट उचललेले हे घर चारही बाजूंनी काचेचे आहे. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे आणि त्याच्या रचनेतील संयम निर्विवाद आहे. येथे चिकित्सा आहे ती केवळ उन्हाच्या संदर्भात.

घराची लांब बाजू दक्षिणेकडे, नदीकडे तोंड करून आहे. या बाजूची एकपदरी काच सुमारे साडेनऊ फूट उंच असून तिच्यावर छताची पुढे आलेली कड जवळजवळ नाहीच. प्लॅनोच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे ४१.७ अंश उत्तरेस, २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ७२ अंशांवर असतो. त्या दिवशी ही संपूर्ण काच सावलीत ठेवण्यासाठी सुमारे तीन फुटांचा छज्जा पुरला असता. ऑगस्टच्या अखेरीस सूर्य खाली आल्यावर ही खोली सहा फुटांपर्यंत न्यावी लागली असती. म्हणजे प्रश्न अवघड होता, परंतु अज्ञात नव्हता. मीस यांनी तो दक्षिणेकडील एका मोठ्या मेपल वृक्षावर आणि आतल्या बाजूच्या पडद्यांवर सोपविला. वायुवीजनासाठी पश्चिमेचे प्रवेशद्वार आणि पूर्वेच्या टोकाला खाली बसविलेल्या दोन लहान खिडक्या एवढीच सोय होती. परिणामी उन्हाळ्यात घर तापत असे आणि हिवाळ्यात काचेवर आतून पाणी साचत असे.

या घराच्या समीक्षेत एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. घराच्या पश्चिम टोकाला छताखाली प्रशस्त, खुली पडवी आहे आणि प्रवेशाचे काचेचे दार तिच्या आत, बरेच मागे आहे. मावळतीचे ऊन हे सर्वांत त्रासदायक ऊन असते, आणि नेमक्या त्याच दिशेला या घरात काचेसमोर खोल सावली आहे. म्हणजे काचेच्या दारापुढे पडवी हवी, हे उत्तर याच वास्तूच्या एका टोकाला मूर्त झाले आहे. परंतु ते उन्हाचे उत्तर म्हणून आलेले दिसत नाही. प्रवेशाच्या आणि प्रमाणबद्धतेच्या विचारातून आलेले दिसते. तसे नसते तर दक्षिणेची बाजू इतकी उघडी राहिली नसती.

बांधकामाचा खर्च व मानधन यांवरून वास्तुकार आणि मालकीण यांच्यात न्यायालयीन वाद झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यापेक्षा येथे अधिक अर्थपूर्ण ठरतो तो घराच्या वापराचा इतिहास. डॉ. फार्न्सवर्थ यांनी पडवीला जाळ्या बसवून घेतल्या. १९७२ मध्ये घर घेणारे पीटर पालम्बो यांनी त्या काढून मूळ रूप परत आणले आणि वातानुकूलनाची सोय केली. एका मालकिणीने पडवी राहण्यायोग्य करू पाहिली. दुसऱ्या मालकाने आकृतीचे शुद्धत्व राखले आणि उष्णतेचा भार यंत्रावर टाकला. काचेच्या घराविषयीचे दोन परस्परविरोधी दृष्टिकोन या दोन कृतींत स्पष्ट दिसतात. २००३ मध्ये हे घर राष्ट्रीय वारसा म्हणून जतनासाठी घेण्यात आले आणि २०२१ पासून त्याच्या नावात एडिथ यांचे नावही जोडले गेले आहे.

ज्ञान उपलब्ध होते काय ?

त्या काळी या विषयाचे ज्ञान प्राथमिक अवस्थेत होते, असा बचाव करता येईल. परंतु दोन उदाहरणे त्याच्या विरोधात जातात. पहिले उदाहरण खुद्द मीस यांचेच आहे. चेक प्रजासत्ताकातील बर्नो येथे १९३० मध्ये पूर्ण झालेल्या ट्युगेंधाट गृहात बागेकडील संपूर्ण भिंत काचेची आहे. परंतु तेथे दोन अवाढव्य तावदाने विजेच्या साहाय्याने जमिनीखाली उतरविता येतात आणि काचेच्या बाहेर ओढून घेता येतील अशी कापडी छत्रेही होती. काच हवी तेव्हा नाहीशी करता येते आणि ऊन काचेपूर्वी अडविता येते. म्हणजे वर दिलेले दोन्ही धडे वीस वर्षांपूर्वी याच वास्तुकाराने गिरविले होते. फार्न्सवर्थ गृहात रचना जितकी शुद्ध झाली तितकी ही साधने गळून पडली.

दुसरे उदाहरण त्याच इलिनॉय राज्यातील आहे. जॉर्ज फ्रेड केक यांनी १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात काचेच्या भिंतींचे एक घर उभारले होते. ते उन्हाळ्यात तापले. परंतु हिवाळ्यातील ऊन घर उबदार ठेवू शकते हेही त्यातून केक यांच्या ध्यानी आले. त्या अनुभवानंतर १९४० मध्ये ग्लेनव्ह्यू येथे त्यांनी बांधलेल्या स्लोन गृहात काच दक्षिणेकडे एकवटली आणि तिच्यावर पुढे आलेले छत ठेवले. उन्हाळ्यातील उंच सूर्य त्या छताने अडतो आणि हिवाळ्यातील खालचा सूर्य आत येतो. अपयशातून शिकण्याचा हा नमुना फार्न्सवर्थ गृहाच्या दहा वर्षे आधीचा आणि त्याच परिसरातील आहे. तेव्हा दोष ज्ञानाच्या अभावाचा नव्हता; प्राधान्यक्रमाचा होता, असेच म्हणावे लागते.

पडवीची परंपरा आणि कांचनजंगा :

हाच निकष महाराष्ट्राकडे लावला असता एक विरोधाभास समोर येतो. कोकणातील घराची पडवी, देशावरील वाड्याची ओसरी आणि मुंबईतील जुन्या बंगल्याचा व्हरांडा या सर्वांनी घराचे दार उन्हापासून आणि पावसाच्या झडीपासून दूर, आत ठेवले होते. त्या काळी दारात काच नव्हती म्हणून ही सोय होती असे नव्हे. उघडे दार दिवसभर वापरता यावे म्हणून ती होती. पडवी ही अशी जागा होती की जेथे ऊन अडते आणि माणूस बसतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांची अर्धपारदर्शक तावदाने बसविलेली दिसतात. प्रकाश घ्यावा परंतु त्याची तिरीप घेऊ नये, हा विचार त्यामागे स्पष्ट आहे.

या परंपरेचे आधुनिक बहुमजली रूप म्हणजे चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्या सहकार्याने मुंबईत कंबाला हिल येथे उभारलेली कांचनजंगा ही इमारत. ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि दृश्य पश्चिमेला आहे. परंतु मावळतीचे ऊन आणि नैर्ऋत्य मान्सूनचा मारा हेही त्याच दिशेकडून येतात. वाऱ्यासाठी दार पश्चिमेला उघडावे की उन्हासाठी बंद ठेवावे, ही खरी कोंडी आहे. कोरिया यांनी ती जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याकडे पाहून सोडविली. अठ्ठावीस मजल्यांच्या या मनोऱ्यात बत्तीस सदनिका असून त्यांच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल बागा कोरून काढल्या आहेत. राहण्याच्या खोल्यांची दारे या बागांच्या मागे, सावलीत उघडतात. येथे बाल्कनी म्हणजे भिंतीला चिकटवलेला कठडा नाही. ती दार आणि आकाश यांच्यामधली खोली आहे.

अर्थात कांचनजंगाची स्तुती विनाशर्त करता येणार नाही. ही अतिसंपन्न वर्गासाठीची वास्तू आहे. कोपरे रिकामे सोडण्याची चैन लहान सदनिकांच्या इमारतीला परवडणारी नाही. तेथे घ्यावयाचे ते तत्त्व, क्षेत्रफळ नव्हे.

आजची सदनिका : गणिताचा दाखला :

गेल्या काही दशकांत पुणे, मुंबई व अन्य शहरांत बाल्कनी बंद करून दिवाणखान्यात सामावून घेण्याची प्रथा रूढ झाली आहे. तिचे परिणाम क्षेत्रफळाच्या भाषेत मोजले जातात, उन्हाच्या भाषेत नव्हे. बाल्कनी असताना दार सावलीत होते. वरच्या मजल्याची बाल्कनी हाच खालच्या दाराचा छज्जा होता. काचेचे सरकते दार पुढे आणून बाहेरच्या कडेवर बसविताच खोली चार-पाच फुटांनी वाढते आणि तेवढीच सावली नाहीशी होते.

ही सावली किती मोलाची असते हे दिशेवर अवलंबून आहे. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८.५ अंश उत्तरेस, विषुवदिनी दक्षिण भिंतीवर येणारा सूर्य मध्यान्ही सुमारे साडेएकाहत्तर अंशांवर असतो आणि त्या दिवशी छज्जाच्या सावलीची रेषा दिवसभर जवळजवळ तीच राहते. सात फूट उंचीचे दार त्यावेळी पूर्ण सावलीत ठेवण्यास अडीच फुटांचा छज्जा पुरतो. विषुवदिनानंतर सूर्य आणखी वर जातो. म्हणजे मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेचे दार या साध्या छज्जाने सुरक्षित राहते आणि डिसेंबरचे सुखद ऊन आत येते.

पश्चिमेचे गणित मात्र वेगळे आहे. मे महिन्याच्या मध्यास पुण्यात सूर्य दुपारी माथ्यावर असतो, परंतु सायंकाळी पाच वाजता तो क्षितिजापासून केवळ २६ ते २७ अंशांवर, पश्चिमेच्या किंचित उत्तरेस उतरलेला असतो. तेच सात फुटांचे दार त्यावेळी सावलीत ठेवायचे तर छज्जा सुमारे चौदा फुटांचा लागेल. चार फुटांची बाल्कनी दाराचा वरचा दोन फुटांचा भागच झाकू शकते. एवढा छज्जा कोणी बांधत नाही. म्हणून पश्चिमेला आडव्या छज्जाबरोबर उभे साधन आवश्यक ठरते. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला सोडलेला बांबूचा चिक, लाकडी वा ॲल्युमिनियमच्या झडपा किंवा वेलींचा मांडव हे काम करतात, कारण ते सर्व काचेच्या बाहेर आहेत.

या उन्हाचा भार किती असतो याचाही अंदाज घेता येतो. दहा फूट रुंद व सात फूट उंच दाराचे क्षेत्रफळ सुमारे साडेसहा चौरस मीटर होते. त्यावर प्रतिचौरस मीटर ५०० वॅट ऊन पडते असे धरले आणि साधी काच गृहीत धरली, तर सुमारे २,६०० वॅट उष्णता खोलीत येते. एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे यंत्राच्या क्षमतेचा तीन चतुर्थांश भाग केवळ एका दाराने आत घेतलेले ऊन परत बाहेर टाकण्यात खर्ची पडतो. त्याचे देयक येते ते राहणाऱ्याच्या नावे. छज्जा वगळण्यात झालेली बचत मात्र बांधणाऱ्याच्या खाती जमा झालेली असते.

आणखी दोन बाबी येथे नमूद केल्या पाहिजेत. दोन पाखांचे सरकते दार कितीही मोठे असले तरी त्याचा निम्माच भाग उघडतो; रात्री थंड हवा आत घेण्याच्या दृष्टीने ते बिजागरीच्या दारापेक्षा कमी उपयुक्त असते. दुसरी बाब झाडांची. मेपल उन्हाळ्यात सावली देतो आणि हिवाळ्यात निष्पर्ण होतो. हे सूत्र महाराष्ट्रात जसेच्या तसे आणता येत नाही, कारण पांगारा, काटेसावर यांसारखे वृक्ष नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण असतात. येथे दारासमोर कडुनिंब किंवा करंज अधिक उपयोगी ठरतात. उन्हाचा कडाका वाढू लागतो तेव्हा त्यांची पालवी भरून आलेली असते.

संभाव्य आक्षेपांचा विचार :

नव्या प्रकारच्या काचेने हा प्रश्न संपुष्टात आणला आहे, असा पहिला आक्षेप घेतला जातो. विशेष लेपाच्या दुपदरी काचेचा उष्णता ग्रहण गुणांक ०.३ किंवा त्याहूनही कमी असू शकतो, ही सुधारणा नाकारता येत नाही. परंतु अशी काच हिवाळ्यातील हवेसे वाटणारे ऊनही तितकेच अडवते, तिची किंमत अधिक असते आणि थेट उन्हाची तिरीप ती पुरती थांबवत नाही. ती छज्जाची पूरक आहे, पर्याय नव्हे. जुन्या काचेवर आतून चिकटविलेल्या गडद थराच्या बाबतीत तर काचच अधिक तापून तडकण्याचा धोका संभवतो.

दुसरा आक्षेप असा की, नियमांनी ही बाब आता हाती घेतली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको-निवास संहिता निवासी इमारतीच्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेवर प्रतिचौरस मीटर १५ वॅट अशी मर्यादा सुचविते आणि बाहेरच्या छज्जांना गणितात स्थान देते. हे स्वागतार्ह आहे. तथापि ही मर्यादा संपूर्ण आवरणाच्या सरासरीची आहे. इमारत सरासरीने उत्तीर्ण होऊनही एखाद्या सदनिकेचे पश्चिमेचे उघडे काचेचे दार तसेच तापत राहू शकते. सरासरीत इमारत मोजली जाते. दाराजवळ बसणारी व्यक्ती मोजली जात नाही.

तिसरी अडचण सामाजिक आहे. बाह्य दर्शनी भाग एकसारखा राहावा म्हणून अनेक गृहनिर्माण संस्था बाहेरच्या बाजूला चिक वा झडपा लावण्यास हरकत घेतात. म्हणजे रचनाकाराने बाहेरची सावली दिली नाही, आणि राहणाऱ्याला ती स्वतः करून घेण्याची मुभाही नाही. पालम्बो यांनी जाळ्या काढून जपलेले दर्शनी शुद्धत्व आणि संस्थेच्या ठरावातील एकरूपता यांचे नाते येथे उघड होते. दोन्ही ठिकाणी घर बाहेरून पाहिले जाते. आतून राहिले जात नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. काचेच्या मोठ्या दाराचे मूल्यमापन त्यातून दिसणाऱ्या दृश्यावरून न करता, मे महिन्यातील सायंकाळी त्याच्याजवळ बसता येते की नाही यावरून केले पाहिजे. दक्षिणेच्या दाराला साधा छज्जा पुरेसा आहे. पश्चिमेच्या दाराला पडवीची खोली आणि उभी सावली दोन्ही हवीत, आणि ती देणे शक्य नसेल तर तेथे काच मर्यादित ठेवणे हेच योग्य होय. विद्यमान सदनिकांत बाल्कनी बंद न करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि ती बंद झाली असल्यास बाहेरच्या बाजूने एकसारखे चिक लावण्याचा आराखडा संस्थेनेच मंजूर करणे हा त्यानंतरचा.

ट्युगेंधाट गृहाची छत्रे, स्लोन गृहाचे पुढे आलेले छत, कांचनजंगाच्या खोल बागा आणि कोकणातील घराची पडवी यांच्यात शैलीचे कोणतेही साम्य नाही. या चारही ठिकाणी दाराचा विचार करताना उन्हाचा हिशेब आधीच मांडलेला आहे, एवढेच त्यांचे नाते आहे. तो जेथे मांडला गेला नाही, तेथे तो राहणाऱ्यालाच दर उन्हाळ्यात मांडावा लागतो.